फाटकाच्या आतली बोलेरो

नऊ दिवस एक पांढरी बोलेरो आकारामतात्याच्या फाटकाच्या आत उभी होती आणि नऊ दिवस तात्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. ज्यांनी तात्याला एसटी चालवताना बघितलंय, त्यांना हे पटायचं नाही. तीस वर्षं गडहिंग्लजच्या रस्त्यावर कुणी गाडी आडवी घातली की हा माणूस खिडकीतून त्याची आई-बहीण काढायचा.

पण इथं घोळच निराळा झाला होता. एका रविवारी सगळे लग्नाला गेले होते, येऊन बघतात तर अंगणात गाडी. तात्याला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या, कामिलच्या पाव्हण्यांची असेल. कामिलला वाटलं, घरमालकांच्या पाव्हण्यांची. आता पाव्हण्याला गाडी काढा म्हणायचं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढायचं. फुलेवाडीत ते कोण करणार? कामिल बिचारा आपली मोटारसायकल रस्त्यावर लावत राहिला. हुपरीला चांदीकामावर जाणारा माणूस, पहाटे उठून बघतो तर एक दिवस आरसा फुटलेला, एक दिवस सीट फाडलेलं. तरी गप्प.

दहाव्या दिवशी मात्र त्यानं जिना उतरता उतरता भीत भीत विचारलं, "तात्या, तुमचं पावणं कवा जाणार म्हणायचं?"

"आमचं? अरं, मी तुझं समजून गप बसलोय की."

मग तात्या जो भडकला! माळ्यावरची जाड साखळी काढली, बोलेरोच्या पुढच्या चाकाला घातली, कुलूप ठोकलं आणि बाजूला खुर्ची टाकून बसला. "म्या बांधलेल्या घरात मला न इचारता? येऊ दे त्याला. नुसती साखळी न्हाय, गाडीच जप्त करतो." कामिलनं कामाला दांडी मारली. अंबूबाई, तात्याची बायको, उंबऱ्यात गहू निवडत बसली, कारण तिलाही तमाशा बघायचा होता.

दुपारी एक तरणा, नीटनेटका माणूस फाटक उघडून आत आला. साखळी बघून थबकला, पण चिडला नाही.

"मामा, हे तुमी लावलं?"

"व्हय. आणि तुमी कोण, पावणं?"

"मी ऋतुराज. गावाकडं गेलतो, म्हणून गाडी हितं ठेवली. गेल्या महिन्यात हे घर घेतलंय की मी. विश्वजितरावांनी सांगितलं न्हाय व्हय तुमाला?"

कामिल हसला. त्याला वाटलं, माणूस गल्ली चुकला. पण तात्या हसला नाही. विश्वजित म्हणजे त्याचा एकुलता एक, पुण्यात नोकरीला. दोन वर्षांमागं 'मागनं कटकट नको' म्हणून त्यानं तात्याकडनं घराचं बक्षीसपत्र करून घेतलं होतं, आणि तात्या ते गल्लीभर मिरवत होता. पोराच्याच तर नावावर केलंय, परक्याच्या कुठं केलंय?

ऋतुराजनं मोबाईल पुढं केला. खरेदीखताचं पान. त्यावर विश्वजितचा फोटो, शेजारी अंगठा. तात्यानं तो फोटो लगेच ओळखला. मागच्या गणपतीत आला होता तेव्हा त्याच शर्टात होता.

"त्यांनी सांगितलं, वर एक भाडेकरू हाय, आणि खाली म्हातारा-म्हातारी भाड्यानं ऱ्हात्यात. दिवाळीला खोली सोडतील म्हणाले. ते तुमीच न्हवं?"

घर विकलं हे एकवेळ गिळता आलं असतं. पण बापाला भाडेकरू करून विकलं? पोटच्या पोरानं? अंबूबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि गहू पायरीवर सांडले, पण तिनं हात लावला नाही.

ऋतुराजला काहीतरी खटकलं. त्यानं दारावरची पाटी वाचली. "आडनाव एकच दिसतंय. विश्वजितराव तुमचं कोण लागत्यात? हे बघा मामा, स्पष्ट सांगा. मला खोटं सांगून घर गळ्यात मारलं असंल तर मी आज, आत्ता पोलिसात जाणार. सोडणार न्हाय त्याला."

"अवो, कोण म्हणून काय इचारताय," कामिल पुढं सरसावला, "ह्ये तर त्येंचं..."

तात्यानं त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की कामिल कळवळला.

तात्या बायकोकडं बघत होता. अंबूबाईनं नुसता पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घातली. मग तात्या वाकला. कुलूप दोन वेळा हातातून निसटलं, तिसऱ्या वेळी निघालं. साखळी गोळा करून त्यानं ती छातीशी धरली.

"कोण न्हाय लागत," तो म्हणाला. "आमी हितं भाड्यानं ऱ्हातो. दिवाळीला सोडतो."