बारा नंबर

फुसाकोबाईंच्या पत्राचं उत्तर निवा त्सुगिओंनी तिसऱ्यांदा छापायला पाठवलं आणि ते प्रिंटरसमोर वाकून उभे राहिले. प्रिंटर घरघरला, थांबला. त्याच्या इवल्याशा खिडकीत पुन्हा तेच वाक्य उमटलं : हा आयपी ॲड्रेस दुसरं यंत्र वापरत आहे.

पत्र परवाच्या साली नोव्हेंबरात आलं होतं, हिरोसाकीहून, सफरचंदांच्या खोक्यात वरच ठेवलेलं. ते त्यांच्या बायकोच्या, किनुएच्या नावाचं होतं, आणि किनुएला जाऊन तेव्हा महिना झाला होता. दुखवट्याची कार्डं त्सुगिओंनी सगळ्यांना धाडली होती. फुसाकोबाईंचं तेवढं हाताने लिहायचं म्हणून बाजूला ठेवलं. बायकोची शाळेपासूनची मैत्रीण. तिला छापील मजकूर कसा पाठवायचा? मग ते बाजूलाच राहिलं. त्यावर फुसाकोबाईंची नव्या वर्षाची दोन शुभेच्छापत्रं येऊन गेली. यंदाच्या पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं : 'किनुए, रागावलीस का? एक ओळ पुरे.'

थंडीत खुशाली विचारण्याची कार्डं वसंताच्या पहिल्या दिवसाआधी पोचायला हवीत. तो दिवस तीन दिवसांवर आला होता. आज साडेचारच्या टपालात पडलं तरच कार्ड वेळेवर पोचणार होतं. निमित्त हुकलं की आपण पुन्हा वर्षभर गप्प बसू, हे त्सुगिओ ओळखून होते. म्हणून तर हाताने लिहिण्याचा हट्ट सोडून ते प्रिंटरला शरण आले होते.

"सेनसेई, आले हं मी!"

कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातली योरिको बूट काढून आत आली. पन्नाशीला टेकली तरी ती त्यांना सेनसेई, म्हणजे गुरुजीच म्हणे. ते शाळेच्या ग्रंथालयात होते तेव्हा ती पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांत पहिली असायची.

"काय म्हणतंय कार्टं?" तिने प्रिंटरच्या डोक्यावर टपली मारली. "लावून गेला माझा नवरा आणि निस्तरायला मी. कधीपासून असं?"

"डिसेंबरात बसवला तेव्हापासूनच. पण रोज नाही. काल संध्याकाळी चाचणीचं पान छान निघालं. आज सकाळपासून पुन्हा बंद." त्सुगिओंनी घसा साफ केला. "माझंच काहीतरी चुकत असेल."

"तुमचं कशाला चुकेल! शाळेत दंड लावताना तर कधी चुकला नाहीत." ती हसत त्यांच्या संगणकासमोर बसली. "घरातल्या प्रत्येक यंत्राला आपला आपला नंबर असतो. दोघांना एकच दिला की भांडण. घरात आणखी काही चालू आहे का?"

"नाही," त्सुगिओ म्हणाले. फार पटकन म्हणाले.

भिंतीवर किनुएच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. ती टेलिफोन कचेरीत नोकरीला होती. घरातली यंत्रं तिने एकटीने लावली होती आणि प्रत्येकाला नंबर नेमून दिला होता. अकरा, त्सुगिओ. बारा, किनुए. वीस, जुना प्रिंटर. बारावर कुणीतरी पेन्सिलीने हलकेच रेघ मारून शेजारी 'नवा प्रिंटर' असं लिहिलं होतं.

योरिकोने ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे आमच्या ह्यांचं अक्षर. रिकामा झाला म्हणून... विचारायला तरी हवं होतं तुम्हाला. बैल आहे नुसता."

"असू दे. खरंच आहे ते."

ती खाली वाकली. प्रिंटरची वायर भिंतीतून काढून तिने हातात धरली आणि दुसऱ्या हाताने संगणकावरून बारा नंबरला हाक मारली. आता तिथे कुणी नसायला हवं होतं. पडद्यावर एक ओळ उमटली, मग दुसरी, मग तिसरी. बारा नंबर उत्तर देत होता.

"वायर तर माझ्या हातात आहे." ती वळली. "सेनसेई, घरात आणखी कोण आहे?"

त्सुगिओंचे कान लाल झाले. उशिराचं पुस्तक दप्तरात सापडलेल्या पोरासारखे ते उभे राहिले. मग त्यांनी शेजारच्या खोलीचं सरकतं दार उघडलं.

देव्हाऱ्यात किनुएचा फोटो होता. समोर सकाळचा भात वाटीत वाळत चालला होता, चहा गार झाला होता. खाली, बसक्या मेजावर तिचा लॅपटॉप उघडा होता. पडदा उजळलेला, त्यावर तिचं नाव, आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"सकाळी चहा ठेवतो, घंटा वाजवतो," ते म्हणाले, "आणि मग हे लावतो. ती उठली की आधी हिरोसाकीत बर्फ किती पडलं ते बघायची. संध्याकाळी बंद करतो. पासवर्ड मला ठाऊक नाही. पुढे काही जात नाही."

योरिको दारातच गुडघ्यांवर बसली. देव्हाऱ्याकडे बघून तिने हात जोडले.

"म्हणून संध्याकाळी चालतो हा गडी," ती अखेर म्हणाली आणि नाक पुसत उठली. "दोन उपाय आहेत. एक तर हे..." तिने लॅपटॉपकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच टाकलं. "नाहीतर प्रिंटरला दुसरा नंबर देते. दोन मिनिटांचं काम."

"तसं चालतं?"

"न चालायला काय झालं? एकवीस देते. बारा आहे तिथे राहू दे. उद्या सकाळी खुशाल लावा."

दोन मिनिटांचं काम तिने पाच मिनिटं केलं. कागदावरची पेन्सिलीची रेघ आणि 'नवा प्रिंटर' पुसून खाली 'एकवीस, प्रिंटर' असं लिहिलं. प्रिंटर घरघरला, या वेळी थांबला नाही, आणि कार्ड बाहेर सरकलं. ते उचलून देताना तिची नजर मजकुरावर गेली.

"सेनसेई, माफ करा, वाचायला नको होतं. पण हे... 'थंडी फार आहे, तब्येत जपा. आम्ही दोघंही बरे आहोत.'"

त्सुगिओंनी कार्ड हातात घेतलं. मजकूर किनुएचाच होता, तिने शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या संगणकावर करून ठेवलेला. त्यांनी वर्ष तेवढं बदललं होतं.

"ते वाक्य खोडायला गेलो," ते म्हणाले. "चार दिवस रोज बसतो. वाटलं, तसंच छापून निघालं तर निघू दे."

"सांगा मला, मी बदलून देते. दुसरं कार्ड घालू." तिने घड्याळ पाहिलं. "सव्वाचार झालेत."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मेजावरचा पेन घेतला, टोपण काढलं. खाडाखोड केलेलं पत्र त्यांनी आयुष्यात कुणाला पाठवलं नव्हतं. एक अक्षर वाकडं गेलं तरी ते नवा कागद घेत. आता त्यांनी छापील ओळीवर एक सरळ रेघ ओढली. शेवटी रेघ जराशी वर गेली. खाली त्यांनी लिहिलं : 'किनुए परवाच्या साली ऑक्टोबरात गेली. रागावली नव्हती. कळवायला उशीर केला, तो मी.'

योरिकोने या वेळी वाचलं नाही. ती वायरी गुंडाळत राहिली.

"जाता जाता पेटीत टाकू का मी?"

"नको," त्सुगिओ म्हणाले. "मीच जातो."

ते कोट चढवून बाहेर पडले. तांदळाच्या दुकानाशी टपालपेटी होती. रस्त्याच्या कडेला झाडून ठेवलेलं बर्फ मळलं होतं. वळणावर टपालाची लाल गाडी दिसली. त्यांनी कार्ड फटीत अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं. गाडी येऊन शेजारी थांबली, आतला माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन उतरला, त्यांना बघून अदबीने थोडा झुकला आणि वाट पाहत उभा राहिला.

"माफ करा," त्सुगिओ म्हणाले, आणि बोटं सोडली.