काढलेला पोचा

"घाल परत. जसा होता तसा पोचा घालून दे मला," मावशी म्हणाली.

"पोचा असा परत घालता येत नाही."

"का? काढताना मला विचारलं नव्हतंस, घालतानाही विचारू नकोस. हातोडी घे आणि घाल."

मावशी ओरडत नव्हती. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि अर्ध्या मिनिटात भांडण भलत्याच विषयावर नेलं असतं. त्यात मी तयार आहे. पण ती हळू बोलत होती आणि बोलता बोलता व्हॅनच्या दारावरून हात फिरवत होती. दार गुळगुळीत होतं. हात कुठेच अडकत नव्हता, आणि तेच तिचं दुखणं होतं.

मागे स्टुलावर बसून मिस्त्री चहा फुंकत होते. मिस्त्री म्हणजे आमच्या गॅरेजमधले पत्रा ठोकणारे. बत्तीस वर्षं ठोकतायत. मी त्यांच्या हाताखाली अकरा महिने आहे. त्यातले सात झाडू मारण्यात गेले.

"ताई, त्याला नका सांगू," मिस्त्री म्हणाले. "पोचा काढायला हात लागतो. घालायला दुसऱ्याचा टेम्पो लागतो."

टेम्पो आला होता गुरुवारी. मावशी बेकरीचे पाव पोचवते. पहाटे चारला निघायचं, सव्वीस दुकानं, आणि सात वाजता घरी येऊन मला लाथ घालून उठवायचं, असा तिचा दिवस. मी तिच्याकडेच राहतो. व्हॅन तिची स्वतःची. गुरुवारी आठव्या दुकानासमोर व्हॅन उभी होती, तेवढ्यात एक टेम्पो मागे न बघता मागे आला आणि डाव्या बाजूच्या सरकत्या दारात घुसला. "चुकलं ताई," एवढं म्हणून टेम्पोवाला पसार. मावशीला खरचटलंही नाही. दार मात्र मधोमध बशीसारखं आत गेलं, आणि दार ज्या पट्टीवर सरकतं ती खालची पट्टी वाकली. दार उघडेना. उरलेल्या अठरा दुकानांचे पाव तिनं ड्रायव्हरच्या सीटवरून एकेक ट्रे ओढून काढले आणि पोचवले. मग व्हॅन आमच्या गॅरेजमध्ये आणून लावली.

विमा कंपनीला तिनं माझ्यासमोर फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, सोमवारी बारा वाजता सर्व्हेअर येतील, ते नुकसान बघतील, तोवर गाडीला हात लावू नका. हात लावू नका हे ती दोनदा म्हणाली. फोन ठेवल्यावर मावशी माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा म्हणाली. त्यामुळे मी ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी म्हणून पाहिलं, कोणी हसलंही नाही.

बेकरीवाल्यानं मावशीच्या फेरीवर तात्पुरता दुसरा माणूस लावला. "बुधवारी पहाटे तुम्ही आलात तर फेरी तुमची. नाही आलात तर त्याच्याकडेच राहू दे. रोज माणसं बदलायला मला जमायचं नाही." इकडे आमच्या मालकांचा नियम असा, की विम्याचं काम असेल तर कंपनीचं हो आल्याशिवाय सुटा भाग मागवायचा नाही. म्हणजे सोमवारी हो आलं की मंगळवारी पट्टी बसणार, बुधवारी पहाटे मावशी रस्त्यावर. इतकं सरळ होतं. मध्ये मी नसतो तर.

शनिवारी मी मिस्त्रींना नुसतं म्हटलं, की हे दार निघेल. त्यांनी वरही बघितलं नाही.

"हे दार बदलायचं. पत्रा ताणलाय. ताणलेला पत्रा आणि बिघडलेलं पोर जागेवर येत नाही, इंजिनिअर."

इंजिनिअर म्हणजे मी. नववीत शाळा सोडली म्हणून. सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, पण माझ्या कानापाशी असं काही गरम झालं की मला पत्र्याचं ऐकूच आलं नाही, फक्त पोराचं ऐकू आलं. माझं नेहमी असंच होतं. गणिताचे सर भर वर्गात म्हणाले होते, तू दहावी होणार नाहीस. त्यांना खोटं पाडायचं सोडून मी दप्तर उचललं आणि निघालो, म्हणजे त्यांचं खरं करून दिलं. फी न घेता.

रविवारी गॅरेज बंद असतं. किल्ली माझ्याकडे, कारण सोमवारी सकाळी झाडायला मीच पहिला येतो. नऊला आत शिरलो ते सात वाजता बाहेर पडलो. दाराचं आतलं आवरण काढलं. पत्र्याला मागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हलक्या हातानं ठोकत यायचं, कडेकडून मध्ये. घाई केली की पत्रा फुगतो. घाई न करता मी काहीही केलेलं आयुष्यात हे पहिलंच. जिथे ताणला होता तिथे गॅसनं तापवायचा, ओल्या फडक्यानं गार करायचा, की तो आक्रसतो. मिस्त्री करतात ते मी अकरा महिने झाडू हातात धरून बघितलं होतं. डोळे मिटून तळहात फिरवायचा, डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. चार वाजता तळहाताला काहीच कळेना, म्हणजे झालं होतं. वर थोडी पुट्टी, घासणं, प्रायमर, आणि कोपऱ्यात दुसऱ्या कोणाच्या गाडीसाठी ठेवलेला पांढरा रंग. खालच्या वाकलेल्या पट्टीला हात लावला नाही, ती मला येत नाही. माझं लक्ष फक्त पोच्यावर होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी गृहपाठ वेळेआधी पुरा केला, आणि तो कोणी दिलाच नव्हता.

आज दहाला मावशी कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. मी दाराशेजारी असा उभा, जसं काही माझंच लग्न आहे. तिनं दाराकडे बघितलं आणि चक्क पलीकडे गेली. तिला वाटलं, बाजू चुकली. तिकडूनही दार ठीकच दिसलं. मग परत आली.

"मोडलेलं दार कुठाय?"

"हेच ते," मी म्हटलं.

ती तिथे पडलेल्या टायरवर बसली. मला वाटलं, आनंदानं.

मग तिनं फोन काढून अपघाताचा फोटो दाखवला. एकच होता, पहाटेच्या अंधारातला. त्यात पांढरं काहीतरी, त्यावर काळा डाग आणि कोपऱ्यात तिचं स्वतःचं बोट. गाडीचा नंबर नाही. "हा डाग कुठल्या गाडीचा, हे मी आता कशावरून सांगू?" ती म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पडला म्हणजे काय, मी त्याच्याखाली सापडलो.

ती उठली आणि दाराची मूठ ओढली. दार दोन बोटं सरकलं आणि अडकलं.

"म्हणजे दिसायला छान आणि उघडायचं नाव नाही," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच." आणि मग ते सुरू झालं, घाल परत, जसा होता तसा घाल.

तर गोष्ट तिथवर आली होती. मिस्त्री म्हणाले टेम्पो लागतो. मावशी त्यांना म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणारा शहाणा मिळालाय मला," आणि माझ्याकडे वळली, "माझ्या सव्वीस दुकानांचं काय ते बोल."

"घालू ना? घालतो," मी म्हटलं. लाकडी हातोडा उचलला आणि हाणला.

दाराच्या मधोमध एक वाटीएवढा गोल खळगा पडला. नीटनेटका. शेजारी रंगाला ओरखडाही नाही. टेम्पोची धडक तर सोडाच, कोणी लहान मुलानं चेंडू मारल्यासारखंही वाटेना. माझी दहा तासांची मेहनत गेली, आणि वर नुकसानही धड करता आलं नाही.

"थांब, थांब," मिस्त्री चहा ठेवून उठले.

"गाडी कोणाची आहे?" मागून आवाज आला.

सर्व्हेअर बाई होत्या. बाराला येणार त्या अकरा चाळीसला आल्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, पायात धुळीचे बूट. माझ्या हातातला हातोडा अजून वरच होता.

मावशी पुढे झाली. ती कधी खोटं बोलत नाही, म्हणून तिला ते बोलताही येत नाही. "माझी गाडी. गुरुवारी टेम्पोनं धडक दिली," ती म्हणाली आणि त्या वाटीएवढ्या खळग्याकडे बोट केलं.

बाई वाकल्या. खळग्यावर टॉर्च मारला. मग माझ्या हातातल्या हातोड्यावर मारला.

"टेम्पो लाकडी होता का?"

मिस्त्रींना ठसका लागला. माझ्या कानापाशी परत गरम झालं. आणि मी सगळं सांगून टाकलं. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हतं त्यात, हसलेलं मला सोसत नाही एवढंच. रविवार, किल्ली, ठोकळा, दुसऱ्याचा रंग, आत्ताचा हातोडा. मावशीनं डोळे मिटून घेतले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आतलं आवरण काढ," म्हणाल्या.

मी स्क्रू काढले. बाई गुडघ्यांवर बसून दाराच्या आत डोकं घालून बघत राहिल्या. आतून पत्र्याला कोणी रंग देत नाही, त्यामुळे त्यावर सगळं उमटलेलं असतं. "ही इथे धार लागलीय, हा टेम्पोचा कोपरा," त्या आतूनच बोलल्या. "हे बारीक बारीक, ही तुझी हातोडी. इथे तापवलंस. आणि हा गोल?"

"आत्ताचा."

"दिसतंय." त्या बाहेर आल्या. "पोचा खरंच यानं काढला?" हे मिस्त्रींना.

"यानं. एकट्यानं." मिस्त्रींनी मान खाजवली. "मी म्हटलं होतं निघायचा नाही."

मला वाटलं बाई काही बरं बोलतील. त्या म्हणाल्या, "छान काढलाय. काढला नसतास तर जास्त छान झालं असतं."

मग त्यांनी खालच्या पट्टीचे, दाराखालच्या तुटलेल्या छोट्या चाकांचे, आतल्या पत्र्याचे आणि नंबरचे फोटो घेतले आणि मावशीला समजावलं. पट्टी आणि चाकं त्यांना मोडलेली दिसतायत, ती त्या लिहितील. दाराचं काही मिळणार नाही, कारण दार आता धड आहे. गोल खळग्याचं तर नावच काढू नका. पण त्या बघायच्या आत गाडीला हात लागला, हे त्यांना लपवता येणार नाही. कोणी लावला, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहून हवं. आणि गाडी गॅरेजच्या ताब्यात असताना हे झालं, असं मालकांच्या सहीशिक्क्यानिशी हवं. पाच वाजेपर्यंत ऑफिसात पोचलं तर आज संध्याकाळी हो पाठवतील. नाहीतर फाईल चौकशीला वर जाणार.

"वर म्हणजे किती दिवस?" मावशीनं विचारलं.

"तीन आठवडे धरा."

मावशीनं बोटांवर दिवस मोजले. बुधवारला मध्ये एकच दिवस आहे. मग एकदम म्हणाली, "मीच लिहिते ना, मीच त्याला सांगितलं म्हणून. पोराच्या पोटावर कशाला पाय?"

"तुम्ही सांगितलंत असं लिहिलंत तर मी फाईल इथेच बंद करते," बाई म्हणाल्या. "गाडी तुमची, विमा तुमचा, आणि हात लावू नका हेही तुम्हालाच सांगितलं होतं. ज्यानं केलं त्यानं लिहावं." पिशवीतून दोन कोरे कागद काढून माझ्या हातात दिले आणि गेल्या.

माझ्या पोटाचं असं आहे, की आमच्या मालकांना काहीच ठाऊक नाही. रविवारी गॅरेज उघडलं हेही नाही, तो रंग वापरला हेही नाही. माझ्या आधीचा पोरगा किल्ली घरी विसरून आला एवढ्यावर कामावरून गेला. मी तर आत येऊन दुकान चालवलं. मिस्त्री म्हणाले, "सगळं लिहू नकोस. रंगाचं गाळ." मग थोड्या वेळानं, "नाही, लिही. डबा अर्धा झालाय, तो काय मुका आहे?"

दोन वर्षांनी पेन हातात धरलं. बाईंनी दिलेले दोन्ही कागद खाडाखोडीत गेले. मग मिस्त्रींनी गॅरेजची वही फाडून पानं दिली. मावशी शेजारच्या टायरवर बसून होती.

"‘स्वतःच्या मर्जीने’ असं लिही," ती म्हणाली.

"लिहिलं."

"मर्जीचा ‘र’ वर जातो."

"माहितीय."

माहीत नव्हतं. तिनं बघू नये म्हणून हात आडवा धरून मी तो वर चढवला.

जबानी सात ओळींत संपली. खाली सही केली, तीही पहिल्या झटक्यात नाही. तीन वाजून गेले, सकाळी बाहेर पडलेले मालक अजून जेवून आलेले नाहीत, म्हणून उरलेल्या पानांवर हे लिहीत बसलोय. त्या सात ओळींत एवढंच आहे की मी केलं, रविवारी केलं, कोणी सांगितलं नव्हतं. पोचा किती छान निघाला होता हे त्यात कुठेच बसत नव्हतं. बसवून बघितलं होतं, मावशीनं खोडायला लावलं.

मालक सही करतील का, हे मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, सही करतील, मग तुला हाकलतील. मावशी म्हणाली, आधी हाकलतील आणि मग सही करणार नाहीत. आता ते दोघं यावर वाद घालतायत. मावशीचा आवाज आज पहिल्यांदाच चढलाय, ते मला बरं वाटतंय. मी ठरवलंय की ओरडा खाताना उलट बोलायचं नाही. पाच मिनिटं. पाच मिनिटं गप्प राहिल्याचं मला आठवत नाही, पण मालक वेगात ओरडतात, कदाचित चारमध्ये उरकेल. आधी शिक्का, मग काय व्हायचं ते होऊ दे. त्या बाईंचं ऑफिस इथून बसनं चाळीस मिनिटं, म्हणजे सव्वाचारला निघालो तर—

मालकांची गाडी फाटकातून आत वळली. मावशी उठलीय, म्हणतेय मी येते बरोबर. नको म्हटलं, तरी चप्पल घालतेय. मला जायला हवं.