दोन वेगळी तिकिटं

सामानाच्या पट्ट्यावरून आणखी एक निळी बॅग आली तशी भूमिकाने पुढे होऊन तिची मूठ धरली, बॅग उलटी केली आणि सोडून दिली. तिच्या बॅगेला आईने जुन्या लाल साडीचा काठ बांधला होता. हिला काहीच नव्हतं.

सकाळी दिल्लीवर धुकं होतं, म्हणून मुंबईहून तिचं विमान जागचं हललंच नव्हतं. दिल्लीत उतरायला दुपार झाली. तिथून युरोपातल्या माल्ट्याला जाणारं विमान दुसऱ्या इमारतीतून होतं, आणि तिथवर बसने जायचं होतं.

पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तिने फोनवरची तिकिटं दाखवली.

"भैया, बॅग उधर अपने आप नहीं जाएगी?"

"ये तो दो अलग टिकट हैं, मॅडम. एक होता तो चली जाती. अब आपको ही ले जाना पड़ेगा."

माल्ट्याच्या वृद्धाश्रमाने तिकीट पाठवलं होतं ते दिल्लीपासूनचं. शहापूरजवळच्या तिच्या गावाहून, शेणव्याहून दिल्लीपर्यंत कसं यायचं, ते तिचं तिने बघायचं होतं. नवरा शाम कसारा घाटात रस्त्याच्या कामावर असताना दरडीखाली गेला, तेव्हापासून ती शहापूरच्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटांना उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं करत होती. हेच काम तिकडे करायचं होतं. व्हिसा हातात पडायला इतका उशीर झाला की उद्याच्या आत त्या देशात पाऊल ठेवणं भाग होतं.

घरातून ती झुंजुमुंजू व्हायच्या आधी निघाली होती. सहा वर्षांची दिपाली तिच्या ओढणीवरच गाल टेकून झोपली होती. ओढून काढली तर पोर जागी होईल, म्हणून ओढणी तिथेच राहिली. जाग आली असती तर आपलं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नसतं, हे भूमिकाला पक्कं ठाऊक होतं.

अखेर लाल काठ दिसला. बॅग ओढत ती बसकडे धावली. दुसऱ्या इमारतीत पोचली तेव्हा काउंटरवरची बाई समोरचे कागद आवरत होती.

"चेक-इन बंद हो गया."

"विमान गया क्या?"

"गया नहीं. पर बंद हो गया."

"मैं भाग के जाती हूँ. बॅग इधर ही छोड़ती हूँ. बॅग नहीं चाहिए मेरे को."

त्या बाईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेरे हाथ में नहीं है, बहनजी. जिनकी फ्लाइट लेट हुई, उनसे बात कीजिए."

ती परत बसने पहिल्या इमारतीत आली. तिथला, मुंबईहून आणणाऱ्या विमान कंपनीचा माणूसही तिरसट नव्हता. तुम्हाला दिल्लीपर्यंत आणायचं होतं, आणलं, एवढंच त्याने शांतपणे समजावलं. पुढच्या तिकिटाशी आमचा संबंध नाही. कुणीच खोटं बोलत नव्हतं. भांडावं तर कुणाशी, हेच तिला कळेना.

ही नोकरी मिळवून देणाऱ्या कल्याणच्या एजंटला तिने फोन लावला.

"दुसऱ्या कुठल्या विमानाने नाय होणार का?"

"आता निघालात तरी परवाच पोचाल. तोवर व्हिसा संपला ना, ताई."

"मंग नवा काढू. मी थांबते."

"तुम्ही थांबाल हो. ते नाही थांबणार. त्यांच्याकडे माणसांची रांग लागलीय."

फोन ठेवून ती खांबाशी भुईवरच बसली. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला हलकं वाटलं. उद्या या वेळेला दिपाली मांडीवर असेल. मग दवाखान्यातली आपल्या जागेवर लागलेली नवी बाई आठवली. काल हातावर दही ठेवून निरोप द्यायला आलेली अख्खी आळी आठवली, आणि तो हलकेपणा जिथल्या तिथे विरून गेला. थंडी अंगात शिरत होती. तिने बॅग पोटाशी ओढून घेतली.

दिवस कलला तेव्हा फोन थरथरला. आईने, जिवलीने, आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. लेक आता विमानात असेल, उतरल्यावर ऐकेल म्हणून.

"भूमे, पोचलीस का आयक. पोरगी सकालधरनं नुसती रडत व्हती. जेवन नाय का पानी नाय. मंग आत्ता आंगनात नेली, तं वरनं इमान चाललेलं. मी बोल्ली, ती बघ तुजी आय चालली. लय हात हलवला गो तिनं. तवापासून रडं थांबलं. आता जेवाया बसलीय. तू जीवाला घोर लावून नको घेऊ."

मग भांड्यांचा आवाज आला, आणि अगदी जवळून, तोंडात घास असल्यासारखा दिपालीचा.

"आये, मी तुला हात केला. तू पन केलास ना?"

दिल्लीहून माल्ट्याला जाणारं विमान शेणव्यावरून कशाला जाईल, हे जिवलीला कुणी सांगितलं नव्हतं.

भूमिकाने पुन्हा एकदा ऐकलं. उत्तर द्यायला बटणावर अंगठा टेकवला. "दिपू," एवढं बोलली, आणि मागून कुठल्याशा विमानाची घोषणा सुरू झाली. तिने अंगठा उचलला. ते अर्धवट बोलणं पुसून टाकलं.

आईने सहज फोन लावून पाहिला तर तो वाजेल, आणि विमानातला फोन वाजत नसतो. तिने बोट काचेवरून खाली ओढलं, तिथलं एक बटण दाबलं. कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या रेघा गेल्या, आणि त्यांच्या जागी एक छोटंसं विमान उमटलं.