तीन वाजताची हाक

फुमियो इकेनागाने करारपत्र ओसरीतल्या टेबलावर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खारवलेल्या प्लमची बरणी ठेवली. बरणी तिने मुद्दाम गळकी निवडली होती. कागदाच्या कोपऱ्यावर लाल डाग पसरत गेला, तसं तिला जरा बरं वाटलं.

सही तीन वाजेपर्यंत करायची होती. सही झाली की तिचा होशिदाना जाणार होता. होशिदाना म्हणजे कोठाराच्या डोक्यावरचा वाळवणाचा माळा. साध्या फळ्यांचा, पण त्यावर रुळांवरून सरकणारं पत्र्याचं अख्खं छप्पर. ऊन असलं की छप्पर मागे ढकलायचं, पाऊस आला की धावत जाऊन पुढे ओढायचं. नवऱ्याच्या आजोबांनी तो बांधला होता आणि गेली पन्नास वर्षं फुमियो त्यावर कॉफी वाळवत होती. आता सहल कंपनीला तिथे गरम पाण्याचा टब बसवायचा होता.

"आणि माझी कॉफी?" तिने विचारलं होतं.

"फळं तोडायची आणि कच्चीच गिरणीत घालायची, आंटी," कंपनीचा क्रेग म्हणाला होता. "या वयात कशाला ती दगदग?"

गिरणीत घालायची म्हणजे साऱ्या डोंगराच्या ढिगात तिच्याही बिया जाणार, कुठली कोणाची हे देवालाही कळणार नाही. वय काढलं तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण कोठार तिचं असलं तरी जमिनीचा भाडेपट्टा मुलाच्या, ग्लेनच्या नावावर होता, आणि ग्लेन होनोलुलूत बसून एकच पालुपद लावत होता. "आई, सही कर. नाहीतर डिसेंबरात मी पट्टा सोडून देतो आणि तुला इकडे घेऊन येतो. एकटीने ते छप्पर ओढताना पडलीस म्हणजे?" त्याची काळजी खरी होती. म्हणून तर तिला त्याचा जास्त राग येत होता.

मागच्या खोलीत कंपनीने पाठवलेली पाहुणी उतरली होती. डेना तिचं नाव, शाळेतून निवृत्त झालेली बाई. कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं की हवाईत या आणि बेटावरच्या माणसांसारखं राहा. पहिल्याच दिवशी तिने वही काढून विचारलं, "इथली माणसं सकाळी उठून काय करतात?"

"भांडी घासतात," फुमियो म्हणाली.

तिला वाटलं बाई रागावेल. बाईने वही मिटली आणि भांडी घासली. चौथ्या दिवसापासून ती माळ्यावर येऊ लागली. चपला खाली काढायच्या हे न सांगता शिकली आणि लाकडी दाताळ्याने बिया खालीवर करू लागली. कोपरे मात्र विसरायची. "कोपऱ्यात ओल राहते, पोरी," फुमियो ओरडायची. साठीची पोर निमूटपणे कोपऱ्यात जायची.

सहीच्या दिवशी क्रेग दोनलाच आला. फुलाफुलांचा सदरा, गळ्यात कॅमेरा. बुटांसकट माळ्याच्या शिडीवर पाय ठेवला तेव्हा फुमियोने नुसतं बुटांकडे पाहिलं. तो खालीच थांबला आणि तिथूनच हाताने मापं घेऊ लागला.

"हे गंजकं छप्पर गेलं की इथून समुद्र काय दिसेल!"

"आत्ताही दिसतो," फुमियो म्हणाली. "मान वळवायला लागते एवढंच."

तेवढ्यात डोंगरावरून गार वारा सुटला. ऑक्टोबरातलं आभाळ, भरवसा नाही. वरच्या बागांवर करडा पडदा उतरताना तिला दिसला आणि ती शिडी चढून छपराला भिडली. डेना दुसऱ्या टोकाला. छप्पर हातभर सरकलं आणि अडकलं. उजवीकडचं चाक रुळावरून उतरलं होतं. खाली सहा दिवस वाळलेल्या बिया, आणखी दोन दिवसांत पोत्यात जायच्या. एकदा भिजल्या की बुरशीच.

फुमियोने तोंड उघडलं आणि मिटलं.

या उतारावर एक रीत होती. पाऊस दिसला की ज्याला आधी दिसेल त्याने "आमे!" अशी हाक मारायची. आमे म्हणजे पाऊस. जपानी शब्द, पण फिलिपिनो, हवाईयन, पोर्तुगीज, साऱ्यांच्याच तोंडी बसलेला. हाक आली की हातातलं टाकून धावायचं, कोणाचं छप्पर हे बघायचं नाही. आभार कोणी मानत नसे. आणि खोटी हाक कोणी मारत नसे. मारलीच, तर जे जे धावले त्यांच्या माळ्यावर दिवसभर दाताळं ओढून द्यायचं, हा दंड.

नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या बेनी काबातबातने ती मारली होती. नववर्षाचा दिवस, पोटात जरा जास्त झालेली, गंमत म्हणून. फुमियोचा नवरा वॉलेस ताटावरून उठून धावला, शिडीवरून घसरला आणि कंबर मोडून घेतली. त्यानंतर तो माळ्यावर कधी चढला नाही. खालून खुर्चीत बसून सांगायचा, कोपऱ्यात ओल राहते गं. दोन वर्षांपूर्वी गेला. वॉलेस पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेनी दंड भरायला आला होता. फुमियोने त्याच्या तोंडावर दार लावलं. तेव्हापासून त्या घराशी बोलणं नाही, आणि त्या बाजूला तोंड करून हाकही नाही.

पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला.

"आमेऽऽ!" फुमियो बेनीच्या घराकडे तोंड करून ओरडली.

पहिला बेनीच आला. चौऱ्याहत्तरीचा माणूस, गुडघे वाकडे, हनुवटीवर दाढीचा अर्धा साबण. त्याच्यामागून वरच्या बागेतली लेहुआ, केस ओलेच. कोणी काही बोललं नाही. बेनीने खांदा लावून चाक उचललं, लेहुआ आणि डेना पुढून ओढत होत्या, फुमियो मागून रेटत होती. छप्पर किंचाळत पुढे गेलं आणि पाठोपाठ पत्र्यावर पाऊस कोसळला. बिया कोरड्या राहिल्या. बेनीने साबण पुसला आणि तो मान खाली घालून भिजत परत गेला. फुमियोला त्याला थांबवायचं होतं. पण तोवर तो कुंपणापलीकडे गेला होता.

वीस मिनिटांत ऊन पडलं. लेहुआ गेली. क्रेग कोठाराच्या वळचणीखालून बाहेर आला तो नाचतच.

"आंटी! सगळं टिपलंय मी. टब-बिब विसरा!" त्याने ग्लेनला फोन लावला, कंपनीत फोन लावला, करारपत्रावरची बरणी उचलून दोन ओळी खोडल्या आणि चार लिहिल्या. मग फोन तिच्या कानाला लावला.

"आई, ऐकलंस का?" ग्लेनचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला होता. "होशिदाना राहतोय! जसाच्या तसा. रंगसुद्धा कंपनीच देणार. छप्पर ओढायला माणसं देणार. आता तरी सही कर."

"आणि बदल्यात?"

"रोज तीन वाजता," क्रेग म्हणाला, "तुम्ही फक्त ती हाक मारायची. पाहुणे छप्पर ओढतील. शेजाऱ्यांनाही सांगू, धावत यायचं, त्यांनाही काहीतरी देऊ."

"रोज तीनला पाऊस येतो कुठे?"

"यायलाच हवा असं नाही ना."

खोटं कशाला सांगा, फुमियोचं मन डळमळलं. माळा राहत होता. कॉफी राहत होती. ग्लेन खूश होता. एक शब्द ओरडायचा, दिवसातून एकदा. तिने वर पाहिलं. शिडीच्या तिसऱ्या पायरीला तडा होता, वॉलेस तिथूनच घसरला होता. ती पायरी तिने बदलू दिली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"आई!"

"खोटी हाक मी मारणार नाही, ग्लेन. टब बसवा नाहीतर मला उचलून समुद्रात टाका." तिने फोन बंद केला.

"बरं, रोजचं नंतर बघू," क्रेग हसत म्हणाला. "आत्ता एकदाच, कॅमेऱ्यासाठी. मघाशी आवाज नीट आला नाही."

"क्रेग, नको," डेना म्हणाली.

"एकदाच हो." आणि स्वच्छ उन्हात, दोन्ही हात तोंडाशी धरून तो स्वतःच ओरडला, "आमेऽऽ!"

कुंपणापाशी पानं हलली. बेनी येत होता. एक पाय ओढत, एका हाताने फांद्या बाजूला करत, धावत. अंगणात पोचला तेव्हा त्याला श्वास पुरत नव्हता. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग क्रेगच्या कॅमेऱ्याकडे, आणि शेवटी फुमियोकडे. तिला वाटलं, नऊ वर्षांचा हिशेब हा आज चुकता करणार.

"मी नाही मारली, बेनी," ती म्हणाली. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"माहीत आहे. तुझा आवाज काय मला ओळखू येत नाही?"

"आणि वर ऊन आहे ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की."

"मग आलास कशाला, मूर्खा? त्या गुडघ्यांनी!"

बेनीला प्रश्नच कळला नाही. "हाक होती ना," तो म्हणाला.

फुमियोचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. तो राग घेऊनच ती क्रेगकडे वळली. आतापर्यंत ती त्याला अहो-जाहो करत होती. "ए, बूट काढ."

"काय?"

"खोटी हाक मारलीस. माझ्या माळ्याच्या नावाने मारलीस आणि हा धावत आला. बूट काढायचे, दाताळं घ्यायचं, आज माझ्या माळ्यावर, उद्या त्याच्या. इथल्या माणसांसारखं राहायचंय ना? इथली माणसं हेच करतात."

क्रेग हसला. बाकी कोणीच हसलं नाही, तसा त्याचाही चेहरा उतरला. "तुमच्या मुलाशी बोलतो मी," तो म्हणाला आणि गाडीकडे निघाला.

"हे राहिलं!" फुमियोने करारपत्राचा बोळा करून गाडीच्या उघड्या खिडकीतून आत टाकला. आंबट वासासकट.

गाडी गेली. बेनीही परतायला वळला.

"तू कुठे चाललास?" ती म्हणाली. "तुझा दंड राहिलाय."

तो थांबला. "दार उघडणार असशील तर," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"माळ्याला दार नसतं."

बेनीने चपला शिडीखाली काढल्या. तिसऱ्या पायरीपाशी क्षणभर थबकला, तीवर पाय न ठेवता वर गेला. डेनाने त्याच्या हातात दाताळं दिलं. तिघांनी मिळून छप्पर मागे ढकललं आणि ऊन बियांवर पसरलं.

फोन वाजला. ग्लेनच.

"आई, हे काय केलंस? तो माणूस माझ्यावर ओरडतोय! पट्टा मी डिसेंबरात..."

"सोड. लेहुआच्या अंगणात चटई टाकून वाळवीन. रस्त्यावर वाळवीन. पण खोट्या हाकेवर नाही."

"कोणाच्या हाकेवर?"

"त्याने मारली. क्रेगने. स्वच्छ उन्हात." ग्लेन याच उतारावर वाढला होता, याहून जास्त सांगायची गरज नव्हती. "बेनी धावत आला," ती म्हणाली.

"बेनी अंकल? आपल्याकडे?" मग, "तो खरखर आवाज कसला?"

"दंड भरतोय."

माळ्यावर दाताळं सावकाश फिरत होतं.

"त्यांना सांग..." ग्लेन म्हणाला. "सांग, कोपरे नीट फिरवा. कोपऱ्यात ओल राहते."

"मी का सांगू?" फुमियो म्हणाली. "विमानात बस, चपला खाली काढ आणि तूच सांग."