हाताने धरायची कोंबडी

"कोंबडी लिहून बघितलंत?" रालित्साने विचारलं.

"दोनदा. एकदा मोठ्या अक्षरांत, एकदा लहान." ल्युबेनने दातांत धरलेला स्क्रू ड्रायव्हर काढला. "तुमच्या आईने सरपंचांना बनवलं, बाई."

खिडकीपाशी उभा असलेला सरपंच ग्रोझदान घसा खाकरून बाहेर बघू लागला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ल्युबेनला शहरातून त्यानेच बोलावून घेतलं होतं. दवाखान्याच्या टेबलावर आईचा लॅपटॉप उघडा होता. काळ्या पडद्यावर पांढरी चौकट होती आणि तिच्यात पासवर्डची वाट बघणारी एक रेघ लुकलुकत होती. दारावर काळ्या किनारीचा निधनाचा कागद डकवलेला होता. नेवेना, नर्स, एकोणसत्तर वर्षे. फोटोत आई नेहमीसारखीच, कुणीतरी इंजेक्शनला घाबरतंय अशा नजरेने बघत होती. उद्या तिला जाऊन चाळीस दिवस होणार होते. त्या दिवशी वाटायचा उकडलेला गहू घरी चाळणीत निथळत ठेवून रालित्सा इथे आली होती.

नवी डॉक्टरीण मिलेवा सकाळच्या बसने आली होती आणि टेबलापलीकडे थांबून होती. बाहेर बाकावर सहा माणसं बसलेली आणि कुणाला कोणतं औषध किती चालू आहे ते सगळं त्या चौकटीच्या पलीकडे. ल्युबेनचं म्हणणं सोपं होतं. हे कुलूप मशीनला आहे, आतल्या डिस्कला नाही. मागचं झाकण उघडायचं, डिस्क काढायची आणि सरपंचांच्या कचेरीतल्या मशीनला जोडायची. तासाभरात सगळं वाचता येईल.

सगळं म्हणजे कोणाच्या सुनेला दिवस राहिले नाहीत आणि का राहिले नाहीत ते. कोण दारू सोडायच्या गोळ्या घेतं ते. ग्रोझदानच्या कचेरीतलं सकाळी बोललेलं दुपारी गुत्त्यात पोचतं, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. एकोणीस वर्षं आईने गावाला दिलेला शब्द पाळला होता, की इथलं इथेच राहील. आधीचा साधा पासवर्ड कुणीतरी फोडल्यावर तिने हा लावला, मशीन जागं व्हायच्या आधीच अडवणारा. कुलूप फाटकालाच लावावं, ती म्हणायची, आत शिरलेल्याला मग खोल्या कशाला मोजू द्यायच्या?

"भरल्या गुत्त्यात विचारलं होतं मी," ग्रोझदान म्हणाला. "सिस्टर, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पासवर्ड काय? तर म्हणते, कोंबडी. सगळे हसले. मी खुळ्यासारखा इथे येऊन, तिच्यादेखत लिहूनही बघितलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण खोटं बोलली."

"माझी आई खोटं बोलत नव्हती."

"मग उघड की."

ल्युबेनने पहिला स्क्रू सैल केला.

रालित्साने जन्मात आईला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. दुखणार नाही, असंसुद्धा ती कधी कुठल्या लेकराला म्हणाली नव्हती. दुखेल, पण थोडं, म्हणायची.

"लिहून उघडलं नाही तेव्हा काय म्हणाली ती?" रालित्साने विचारलं.

"काय म्हणणार? तिरकंच. म्हणे, कोंबडी हाक मारून येत नाही, सरपंच, हाताने धरावी लागते."

रालित्साने आपल्या बोटांकडे बघितलं. मग तिने ल्युबेनला तो स्क्रू परत बसवायला सांगितलं आणि खुंटीवरचा टॉवेल काढला.

नर्स व्हायच्या आधी आई टंकलेखन शिकली होती. याच टेबलावर, दवाखान्याच्या जुन्या टाइपरायटरवर, तिने नऊ वर्षांच्या रालित्साला शिकवलं होतं, हातांवर टॉवेल टाकून. बघू नकोस पोरी, बोटांना सांग. त्या यंत्रावर अक्षरांच्या जागा निराळ्या होत्या. आताची माणसं उच्चाराप्रमाणे लिहितात, 'क'साठी इंग्रजी 'के'ची कळ दाबतात. ल्युबेननेही तेच केलं होतं, ग्रोझदाननेही. पण सुरू होण्याच्या त्या पहिल्या क्षणी मशीनला कुठलीच भाषा येत नसते. कुठली कळ दाबली तेवढंच त्याला कळतं. आईने शब्द तोच लिहिला असणार, फक्त त्या जुन्या यंत्राच्या जागांवर, आपल्या बोटांनी.

रालित्साने टॉवेल स्वतःच्या हातांवर टाकला. कोकोश्का. त्यांच्या भाषेतली कोंबडी, त्यांच्या लिपीत सात अक्षरं. तिने डोळे मिटले नाहीत, दाराकडे बघत राहिली.

चौकट नाहीशी झाली. पंखा घुरघुरला, पडदा उजळला.

ल्युबेनने हळूच शीळ घातली. ग्रोझदान पुढे सरकला. "काय होता पासवर्ड?"

"कोंबडी," रालित्सा म्हणाली.

 तो टोपी डोक्यावर चढवून दाराकडे वळला. काळ्या किनारीच्या कागदापाशी मात्र थांबला आणि टोपी पुन्हा काढली.

ल्युबेनही हत्यारं आवरून गेला. पडद्यावर गावाची यादी होती, शेवटची उघडलेली नावं सगळ्यात वर. पहिलंच नाव आईचं होतं.

आजार कळला तेव्हा उशीर झाला होता, असं आईने फोनवर सांगितलं होतं. कुणाला कळला आणि कधी, ते सांगितलं नव्हतं. खोटं ती बोलली नव्हती. रालित्साचं बोट त्या नावावर होतं. दाबलं असतं तर तारीख दिसली असती. आईला आपल्याला वेळेत बोलावता आलं असतं का, तेही कळलं असतं.

तिने बोट उचललं आणि पडदा डॉक्टरणीकडे फिरवला.

"आधी तुम्हाला उघडायला शिकवते," ती म्हणाली. "बसा. हात इथे ठेवा. बघू नका."

तिने मशीन बंद करून परत सुरू केलं, मिलेवाच्या हातांवर टॉवेल पसरला आणि वरून एकेक बोट जागेवर नेऊन ठेवलं. चौथ्या खेपेला जमलं. मग रालित्सा बाहेर गेली, दार आपल्यामागे ओढून घेतलं आणि बाकावर सगळ्यात शेवटी जाऊन बसली. शेजारच्या म्हातारीने सरकून जागा दिली.

"उघडलं का गं, नेवेनाच्या पोरी?"

रालित्साने मान आडवी हलवली, तिथल्या रीतीने तो होकारच.

"आणि काय काय होतं आत?"

"मी बघितलं नाही, मावशी."

म्हातारीने तिचा हात हातात घेतला आणि आपला नंबर येईपर्यंत सोडला नाही.