मागच्या बाजूनं पाहिलेला जपानी लेखक

कोरीट गावात एक होता सुकलाल, एक होती त्याची जमनाबाई, एक होता त्यांचा एकुलता हेमकांत, आणि त्यांच्या घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर उन्हात पडलेला मी. मी जमनाबाईचा बिबड्यांचा कपडा बोलतोय.

सुकलालची दोन जुनी धोतरं जोडून जमनाबाईनं मला शिवलं. दर उन्हाळ्यात ज्वारीची ओली, ताटाएवढी, पापडासारखी बिबडी माझ्यावर थापायची, वाळली की पाठीवर पाणी मारून सोलायची. माझ्या अंगावर गोल डाग आहेत ते त्यांचेच. धुऊन जात नाहीत. मलाही घाई नाही.

आता घरातलं ऐका. हेमकांत शेतीचं कॉलेज सोडून पुण्याला सिनेमा शिकायला गेला, त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलेना. दोन वर्षं झाली. पोरगा सुट्टीत आला की एकाच पंगतीत दोघं जेवायला बसत आणि सुकलाल बायकोला म्हणे, "तुन्हा पोऱ्याले सांग, ट्रॅक्टरनी चावी खुटीवर शे." पोऱ्या हातभर लांब! जमनाबाई मान इकडून तिकडे वळवून थकून गेली.

हिवाळ्यात हेमकांत पुण्याहून प्रोजेक्टर घेऊन आला. म्हणाला, "माय, मी काय शिकाले गयथू ते आबानी एकदा तरी देखाले पाहिजे." पडदा नव्हता. जमनाबाईनं पेटीतून मला काढलं आणि खळ्यात दोन बांबूंना ताणून बांधलं.

सुकलालनं भिंतीकडे बघून जाहीर केलं, "मी मिरचीनी पथारीवर राखणले जास." आणि काठी घेऊन, मिरची वाळत घातली होती तिकडे निघाला.

पुरुष माझ्यापुढे बसले. बाया माझ्यामागे. पूर्वी गावात तंबूतला सिनेमा यायचा तेव्हापासूनची ही रीत. मी धोतराचा, पातळ. चित्र दोन्हीकडे दिसतं. मागून अक्षरं उलटी दिसत, पण ती जपानी. पुढच्यांना तरी कुठे वाचता येत होती? हेमकांतच माईकवरून अहिराणीत सांगत होता.

सिनेमा होता एका जपानी लेखकाच्या आयुष्यावर. निम्मा देश त्याला डोक्यावर घेई, निम्मा शिव्या घाली. पण सिनेमातली झाडं पुठ्ठ्याची, समुद्र निळ्या चादरीचा! लेखक मध्येच मरे आणि मध्येच लहान होऊन पळत येई.

"आत्तेच ते मरी गया, परत कसा उना?" पुढून नवनीत ओरडला.

"समुद्र धुवाले टाका कोनी," दुसऱ्यानं भर घातली.

मागून दिवलीबाईला वेगळाच प्रश्न. "जपानमा इतला चंद्र निघतस का वं माय?" तिचं बोट माझ्या बिबड्यांच्या डागांवर. मी लाजलो.

मग तो प्रसंग आला. लेखकाचा बाप रागानं त्याची दौत अंगणात फेकतो. पोरगा खाली बसतो आणि काडीनं मातीत लिहायला लागतो.  आणि माझ्या मागच्या कोपऱ्याला, बांबूच्या आडोशाला, कुणीतरी माझा पदर धरून नाक पुसलं. मला हात ओळखीचा लागला. त्याच्याच कमरेला मी वर्षानुवर्षं होतो की!

मी कुणाला सांगणार? 

सकाळी गावात तंटा पेटला. हापशावर बाया म्हणत होत्या, लेखक डावखोरा होता. पारावर नवनीत म्हणत होता, उजव्या हातानं लिहीत होता, डोळ्यांनी पाहिलं. पाराशेजारच्या खळ्यात हेमकांत मला घडी करून सायकलीला बांधत होता, तेवढ्यात सुकलाल तावातावानं पारावर चढला.

"डावखोराच व्हता! डावा हातवरी माटीमा लिखी ऱ्हायंता!"

पारावर सगळ्यांच्या माना वळल्या.

"आबा," नवनीत हळूच म्हणाला, "तुम्ही ते मिरचीनी पथारीवर व्हतात ना?"

"बायासमा बठेल व्हतात का?" मागून कुणी विचारलं, आणि सगळा पार हसून आडवा झाला.

सुकलालचे कान सुकलेल्या मिरचीसारखे लाल. काठी आपटली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जमनाबाई जवळ नव्हती. निरोप कुणाकडे द्यायचा? शेवटी थेट पोराकडेच वळला.

"हेम्या! तू सांग यासले. तुन्हा मानूस कोन्ता हातनं लिखे?"

सायकल हेमकांतच्या हातातून कलली. दोन वर्षांनी बाप त्याचं नाव घेत होता. त्याला खरं उत्तर ठाऊक होतं, मलाही. तो म्हणाला, "परत लावसू, आबा. आते पुढे बठा."

दुसऱ्या खेपेला सुकलाल पुढे बसला. लेखकाचा उजवा हात स्वच्छ दिसला. बराच वेळ तो हनुवटी खाजवत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "मागेन बरा दिखस. चाल हेम्या."

बापलेक माझ्यामागे येऊन बायांच्या कडेला टेकले. जमनाबाईनं सरकून जागा दिली. आता तिला मान वळवावी लागत नाही.

हेमकांत गावी असला की दर शनिवारी मला ताणतात. आयाबायांनो, मला खुशाल धुवा, पण मागचा तो कोपरा जरा हलक्या हातानं. आणि चंद्र राहू द्या. दिवलीबाई त्यांच्यासाठीच येते.