पायवाटेवरचा पांढरा दगड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. झोबच्या डोंगरात दोन वाड्या आहेत आणि मधून एकच पायवाट. कुरणावरून भांडण पेटलं, दोन्हीकडचा एकेक माणूस गेला. तेव्हा जिर्गा, म्हणजे दोन्ही वाड्यांची पंचायत, बसली. जाणत्यांनी वाटेच्या मधोमध एक गोल पांढरा दगड ठेवला. तो तिथं आहे तोवर कुणी बंदूक उचलायची नाही. जो कुणी दगड हलवेल, त्यानं तह मोडला.

हे झालं तेव्हा नऊ वर्षांची तोरपेकई आजोळी होती. परवाच परतली. आज सकाळी शेळ्या चारायला निघाली आणि तिला तो दगड दिसला. किती गुळगुळीत! असा दगड तापवून त्याभोवती कणीक लपेटली, की रोटी आतूनही खरपूस भाजते. दगड उचलून ती उतारावर चढली, जाळ केला, घरून आणलेल्या पिठाची तशीच रोटी केली आणि निखाऱ्यांशेजारी ठेवली.

खमंग वास सुटला, तेवढ्यात खालून ओरडा आला. वाटेच्या पलीकडे दुसऱ्या वाडीचे सालेहबाबा आणि त्यांची माणसं, अलीकडे तिचा थोरला भाऊ जमान आणि पायोकाका. सगळ्यांच्या हातात बंदुका.

“दगड गिळलास काय रे जमान?” सालेहबाबा गरजले.

“आईची शपथ, मी हात लावला नाही!”

“मग काय, दगडाला पाय फुटले?”

“तुमच्याच एखाद्या कार्ट्यानं नेला असेल!”

“जमान, तोंड आवर,” पायोकाका म्हणाले. पण बंदूक त्यांनीही खाली केली नाही.

तोरपेकईनं वरून सगळं ऐकलं. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? रोटीच्या पोटात काय आहे ते कोण बघतो? पण तिकडे बंदुकीपुढे तिचा दादा उभा होता.

तिनं रोटी ओढणीत गुंडाळली आणि उतारावरून पळत सुटली. हात पोळत होते. दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधोमध येऊन तिनं गुडघे टेकले.

“बाबा, दादानं नाही, मी नेला. मला ठाऊक नव्हतं.”

“कुठाय तो?”

तिनं रोटी मोडली. आतून वाफ आली. दगड तपकिरी पडला होता. तिनं तो होता तिथंच ठेवला आणि रोटीचा पहिला तुकडा सालेहबाबांपुढे धरला.